नर दोन, मादी तीन

निवडीच्या दिवशी घरात कुणी कुणाशी भांडायचं नाही, हा अप्पांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम. त्यामागे फार थोर विचार वगैरे काही नव्हता. भांडणाने हात थरथरतात आणि हात थरथरला की पिल्लू दगावतं, एवढंच. मंगळवार आणि शुक्रवार हे निवडीचे दिवस, त्यामुळे या घराने गेली साठ वर्षं आपली सगळी भांडणं उरलेल्या पाच दिवसांत बसवली होती. त्या मंगळवारी नियम मोडला, आणि मोडणारे दुसरेतिसरे कुणी नव्हते, खुद्द अप्पाच होते.

हॅचरीतले दोन्ही पगारी निवडणारे गेल्याच आठवड्यात दुसऱ्या मालकाकडे निघून गेले होते. पहाटे कोंबडीची बारा हजार पिल्लं अंड्यातून बाहेर आलेली, ती त्याच दिवशी निवडून गाड्यांत भरायची. म्हणून सकाळी सातपासून घरचीच माणसं निवडीच्या खोलीत लांब टेबलाला बसली होती. टेबलावर चार दिवे, प्रत्येक दिव्याखाली एक जागा, उजव्या हाताला पिवळा क्रेट आणि पायाशी निळं पिंप. पिल्लू डाव्या मुठीत उलटं धरायचं, अंगठ्याने शेपटीखाली हलकं दाबायचं आणि टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा दिसतो का ते बघायचं. दिसला तर नर. नर अंडी घालत नाही, आणि अंड्यांच्या या जातीत नराच्या अंगावर विकण्याइतकं मांसही धरत नाही. म्हणून तो पिंपात, मादी क्रेटमध्ये. पिंप भरलं की त्याला गॅसची नळी लागते. घरात याला ‘काढणं’ म्हणतात. दुसरा कुठला शब्द साठ वर्षांत कुणी वापरलेला नाही.

अप्पा पहिल्या दिव्याखाली बसले होते, मालक म्हणून. दुसऱ्या दिव्याखाली त्यांची मोठी बहीण, घरादाराची आत्या, काम करत होती. अप्पांचं एक पिल्लू होईपर्यंत आत्याची पाच व्हायची. शिवाय अप्पांनी पिंपात टाकलेल्यांतलं एखादं ती न बोलता उचलून क्रेटमध्ये ठेवायची, आणि अप्पा त्या वेळी न चुकता दुसरीकडे बघायचे. त्यांच्या वडिलांनी त्यांना ही विद्या दोन वर्षं शिकवली होती, तरी दहातली तीन चुकायची ती चुकायचीच. ट्रे पुसायला ठेवलेली बहीण नुसतं बघून तीन आठवड्यांत शिकली. पुढे ‘यांच्या पिल्लांत नर सापडत नाही’ असा हॅचरीचा जो लौकिक झाला तो सगळा तिच्या अंगठ्याचा. त्याबद्दल तिला हॅचरीत हिस्सा मिळाला नाही, पण बसायच्या स्टुलावर एक उशी मिळाली.

“मी काय म्हणतो,” अप्पांनी सुरुवात केली, “रिपोर्ट आलाच आहे तर आज विषय संपवून टाकू.”

कुणाचा रिपोर्ट हे विचारायची कुणाला गरज नव्हती. तो धाकट्या सुनेचा होता. ती तिथे नव्हती, हे अप्पांना सोयीचंच होतं.

“तीन वेळा त्या पोरीला सुया टोचून झाल्या. आता कुठे पाच गर्भ धरलेत काचेत. तीन मुली, दोन मुलगे. आमच्या वेळी जे पदरात पडेल ते घ्यावं लागायचं. आता काचेतल्या गर्भापुरती कायद्यानेही मोकळीक दिलीय. समोर वाढून ठेवलंय, तर उचलायचं नाही का? नुसतं कुठलं ठेवायचं ते सांगायचं आहे. त्यात कुणाचा जीव जात नाही, की कुणाला दुखत नाही.”

हे बोलताना त्यांनी एक पिल्लू पिंपात टाकलं. आत्याने ते उचललं, पाहिलं आणि क्रेटमध्ये ठेवलं.

“मुलगी काय वाईट आहे, अप्पा?” थोरला मुलगा म्हणाला. तो क्रेट उचलून गाडीपर्यंत न्यायचं काम करत होता आणि आता दारात क्रेटसकट थांबला होता. “जमाना बदललाय. मुलींचंच जग आहे आता. माझ्या दोघी बघा. मला तर कधी वाटलंच नाही की मुलगा हवा होता.”

तिसऱ्या दिव्याखाली बसलेल्या थोरल्या सुनेने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण या माणसाच्या तोंडून असली वाक्यं ती पहिल्यांदाच ऐकत होती. दुसरी मुलगी झाली तेव्हा हे गृहस्थ दोन दिवस हॉस्पिटलात फिरकले नव्हते. कारण काय, तर गाडीचा टायर. तिसऱ्या वेळी चौथ्या महिन्यात तपासणी झाली आणि पाचव्या दिवशी तिचं पोट रिकामं होतं. ‘टिकलं नाही’ असं सगळ्यांना सांगण्यात आलं. तिला तिथे घेऊन जाणारी गाडी हाच चालवत होता, आणि वाटेत त्याने रेडिओ लावला होता. तो आता स्त्रीजातीचा कैवार घेऊन उभा होता. गेल्या महिन्यात अप्पांनी ‘नातू ज्याच्या घरात, हॅचरी त्याच्या घरात’ असं जाहीर केलं नसतं तर त्याला ही उपरती आणखी पन्नास वर्षं झाली नसती.

“यांचं ऐकू नका, अप्पा,” ती म्हणाली. “होऊ दे मुलगा.”

थोरल्याच्या हातातला क्रेट हलला आणि शंभर पिल्लं एकदम ओरडली.

“तू काय बोलतेस कळतंय का तुला?”

“कळतंय की. एकदाचा येऊ दे या घरात तो. म्हणजे माझ्या पोरींकडे बघून येणारेजाणारे सुस्कारे सोडायचे थांबतील. हॅचरी घ्या नि डोक्यावर घ्या. मला नको.”

हे खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. जे आपल्याला भोगावं लागलं त्यातून धाकटी अलगद सुटून जाईल, हेही तिला सहन होत नव्हतं. आपल्या मनात असं काही आहे हे तिला माहीत होतं आणि त्याची तिला लाजही वाटत होती. तरी ती बोलली ते बोललीच.

अप्पा खूश झाले. “बघ! बाईमाणसालाच कळतं.”

“बाईमाणसाला आणखीही कळतं, अप्पा,” थोरली म्हणाली. “आपले नऊ ड्रायव्हर. त्यांतले सहा बिनलग्नाचे. परवा एक जण रडत होता माझ्याजवळ, चाळिशी आली, मुलगी मिळत नाही म्हणून. कुठून मिळणार? तीस-चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या गावातल्या घराघरातून असाच कुणीतरी विषय संपवला असेल.”

“त्याचा इथे काय संबंध?”

“काही नाही. तुमच्या नातवाला बायको कुठून आणणार तेवढं ठरवून ठेवा.”

“तोपर्यंत विज्ञान काहीतरी काढेल,” अप्पा म्हणाले. त्यांचा विज्ञानावर गाढ विश्वास होता, विशेषतः ते आपल्या मनासारखं बोलत असेल तेव्हा.

धाकटा मुलगा खोलीच्या कोपऱ्यात उंच टेबलाशी उभा राहून निवडीचे तक्ते भरत होता. चौदाव्या वर्षापासून त्याचं हे काम. प्रत्येक ट्रेला एक तक्ता. मादी इतकी, ठेवणे. नर इतके, काढणे. खाली सही. आठवड्याला तीसेक तक्ते, आणि असं पंचवीस वर्षं. तो स्वभावाने गरीब असल्याची घरात सगळ्यांची समजूत होती. खरं म्हणजे तो गरीब नव्हता, समोर जो उभा असेल त्याला हो म्हणायची त्याला सवय होती. बायको समोर होती तेव्हा त्याने तिला हो म्हटलं होतं. तिने डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं की मुलगा की मुलगी मला सांगू नका, जो गर्भ सगळ्यात धडधाकट असेल तो ठेवा. मग अप्पा समोर आले आणि तो अप्पांना हो म्हणाला. डॉक्टरांकडे एकटा जाऊन रिपोर्ट मागून आणला, अप्पांना वाचून दाखवला, आणि गेल्या शुक्रवारी याच टेबलावर, दोन ट्रेंच्या मधल्या वेळात, दवाखान्याचा फॉर्म भरून तक्त्यांबरोबरच स्कॅन करून पाठवूनही दिला. खाली दोघांच्या सह्या लागत होत्या. त्याने त्या दोन्ही केल्या.

“तू का गप्प?” अप्पांनी विचारलं. “बोल की काहीतरी. बाप तू होणार आहेस.”

“माझं काही म्हणणं नाही,” धाकटा म्हणाला. “म्हणजे, तुम्ही म्हणाल तसं.”

“आणि तुझी बायको नाही म्हणाली तर?” आत्याने काम न थांबवता विचारलं.

“तिलाही पटेल.”

“म्हणजे अजून पटलेलं नाही.”

“ताई, तू यात पडू नकोस,” अप्पा म्हणाले. “तुला स्वतःचं लेकरू नाही. तुला काय कळणार?”

आत्याने पुढचं पिल्लू उचललं. तिला लेकरू नव्हतं कारण तिचं लग्न झालं नव्हतं, आणि लग्न झालं नव्हतं कारण ती गेली असती तर हॅचरी बुडाली असती. हे अप्पांना ठाऊक होतं. त्यांच्या ठाऊक असण्याचा कधी कुणाला उपयोग झाला नव्हता.

“खरंय बाबा,” ती म्हणाली. “मी आपली कोंबड्यांतली. इथे मादीला किंमत आहे, म्हणून मला इथेच बरं वाटतं.”

तेवढ्यात धाकटी आली. ती पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायचं काम करते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून तशीच आली होती, गळ्यातलं ओळखपत्रही काढलं नव्हतं. तिने दाराशी बूट काढून रबरी चपला घातल्या, हात धुतले, आणि मग बोलली. या घरात येऊन अकरा वर्षं झाल्यावर एवढी शिस्त रागातही सुटत नाही.

“दवाखान्यातून निरोप आलाय. फॉर्म मिळाला, उद्या येऊन तारीख ठरवा. मी कुठलाच फॉर्म दिलेला नाही.” ती नवऱ्याकडे बघत होती. “कसला फॉर्म?”

धाकटा तक्त्याकडे बघत राहिला. उत्तर अप्पांनी दिलं. आपण आता मोठ्या मनाने वागणार आहोत अशा वेळी ते खाकरत, तसे खाकरले.

“हे बघ सूनबाई, तू काळजी करू नकोस. तीन मुली, दोन मुलगे असा रिपोर्ट आहे. आम्ही सगळ्यांनी मिळून विचार केला...”

“अप्पा!” ती ओरडलीच. “मला सांगू नका म्हटलं होतं मी. मी डॉक्टरांना लिहून दिलं होतं.”

“अगं, पण कळलं तर बिघडलं काय?”

काय बिघडलं हे तिला चटकन सांगता येईना. रोज सकाळी उठून ती त्या पाचांचा विचार करायची, आणि ते पाच नुसते पाच होते. आता त्यांना कुणीतरी दोन रांगांत उभं केलं होतं. शिवाय वेळ नव्हता. तिच्या गर्भाशयात गाठ होती, औषधांनी दबलेली. या दोन महिन्यांत गर्भ ठेवला तर ठेवला, नाहीतर गाठीबरोबर पिशवीही काढावी लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तिला मूल हवं होतं. त्या टेबलाभोवतीच्या कुणालाही हवं होतं त्यापेक्षा किती तरी जास्त हवं होतं, आणि ते कुणाचं वारस म्हणून नको होतं.

“काय लिहिलंस फॉर्मवर?” तिने नवऱ्याला विचारलं.

“अगं, ते आपलं... अप्पा म्हणाले तसंच.”

“मुलगे ठेवा, मुली टाकून द्या?”

त्याने भरलेल्या तक्त्यांची चळत सारखी केली.

“आणि माझी सही?”

“तू दमली होतीस त्या दिवशी. म्हटलं उगाच कशाला...”

“माझी सही तू केलीस.”

“घरातल्या घरात एवढं काय!” अप्पा म्हणाले. “नवऱ्याने केली, परक्याने तर नाही ना केली?”

“अप्पा, माझ्या सहीवर अख्खं शहर पाणी पितं.” तिचा आवाज खाली आला होता. “सतरा वर्षांत न तपासलेल्या बाटलीवर मी एकदाही सही केलेली नाही. साहेब मागे उभे राहिले तरी नाही. आणि याने ती इथे उभं राहून केली, कोंबड्यांच्या कागदांत?”

“तू मनाला लावून घेऊ नकोस,” थोरला पुढे झाला. “फॉर्म रद्द होतो. मी तर म्हणतो कर रद्द. मुलगी असली तर...”

“तुम्ही गप्प बसा,” थोरली म्हणाली. “तुमचं प्रेम कशावर आहे ते सगळ्यांना माहितीय.”

“होतोच रद्द,” धाकटी म्हणाली. तिने फोन काढला, दवाखान्याचा नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला. “आत्ताच्या आत्ता करते.”

अप्पा उठून उभे राहिले, पण पलीकडून नर्सचा आवाज आला तसे पुन्हा बसले. परक्यासमोर तमाशा नको, एवढं भान त्यांना नेहमी असायचं.

धाकटीने नाव-नंबर सांगितला. “माझा एक फॉर्म तुमच्याकडे आलाय. त्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवता का जरा?”

“एक मिनिट हं, मॅडम.” कागदांची सळसळ ऐकू आली. “हां. क्रमांक एक, मादी, ठेवणे. आमच्याकडे आम्ही स्त्री-पुरुष लिहितो, पण तुमच्या सरांनी नर-मादी लिहिलंय. चालतं ते. क्रमांक दोन, नर, काढणे. तीन, मादी, ठेवणे. चार, मादी, ठेवणे. पाच, नर, काढणे. खाली बेरीजही केलीय सरांनी. मादी तीन, नर दोन. आणि दोघांच्या सह्या.”

थोरल्याने हातातला क्रेट खाली ठेवला.

“परत वाचा,” अप्पा म्हणाले. नर्सने परत वाचलं. दुसऱ्यांदा वाचल्याने त्यात काही फरक पडला नाही.

धाकटा स्वतःच्या हाताकडे बघत होता. त्या हातात पेन होतं आणि समोरच्या अर्ध्या भरलेल्या तक्त्यावर ताज्या शाईत तेच लिहिलेलं होतं.

“बरं, ते तसं करू नका,” अप्पा टेबलावरून फोनकडे वाकले. “चूक झालीय. उलटं आहे ते. उलटं!”

“आता कसं होणार, साहेब? काल सकाळीच ते दोन काढले. शनिवारी मी स्वतः सरांना फोन केला होता खात्री करायला. मागे मशिनचा खूप आवाज होता. सर म्हणाले, लिहिलंय तसं करा, बरोबरच असतं माझं.”

आत्या हसली. आधी नाकातल्या नाकात, मग तिला ते आवरेना. हातातलं पिल्लू तिने जपून क्रेटमध्ये ठेवलं आणि पोट धरून हसली. तिचं बघून थोरली हसायला लागली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

“गाढवा!” अप्पा मुलावर ओरडले. “नर काढून टाका असं लिहिलंस तू?”

“नरासमोर मी काढणेच लिहितो, अप्पा,” धाकटा रडवेल्या आवाजात म्हणाला. “पंचवीस वर्षं. तुम्हीच शिकवलंय.”

“मॅडम?” नर्सचा आवाज बदलला होता. “काही घोटाळा आहे का? ही सही तुमचीच आहे ना? कारण तुमची नसेल तर मला लगेच वर कळवावं लागेल.”

“कळवलंत तर काय होईल?” धाकटीने विचारलं.

“चौकशी होईल. पोलिसांतही द्यावं लागतं. ती संपेपर्यंत उरलेल्या तीन गर्भांना कुणालाच हात लावता येत नाही.”

“किती दिवस?”

“मागे एका जोडप्याचं झालं होतं असं, त्यांना दीड वर्ष लागलं.”

धाकटीने मान वर केली. सकाळपासून या खोलीत कुणाचं कुणाशी जमलं नव्हतं, आता सगळ्यांचं एकमत झालं होतं. अप्पा दोन्ही हात खाली-वर करून ‘हो म्हण, हो म्हण’ करत होते, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर मुलाच्या हातातल्या बेड्या होत्या. थोरला मान डोलवत होता, कारण तीन मुली त्याच्या पथ्यावर पडल्या होत्या. थोरलीही हळूच मान हलवत होती. धाकटा तर हात जोडून उभा होता. एकटी आत्या हसायची थांबून तिच्याकडे टक लावून बघत होती.

तिला खरं बोलायचं होतं. नाही, ती सही माझी नाही, एवढी पाच शब्दांची गोष्ट. मग हा सगळा बाजार चव्हाट्यावर आला असता, आणि यायलाच हवा होता. नवऱ्याला धडा मिळाला असता, सासऱ्यांची मान खाली गेली असती. आणि दीड वर्षाने कुणीतरी तिला तीन गर्भ परत केले असते, ठेवायला जागा उरली नसताना.

“मॅडम, ऐकताय ना?”

“ऐकतेय,” ती म्हणाली. “सही माझीच आहे.”

“म्हणजे नर काढायला तुमची संमती होती, असं मी इथे नोंदवू ना?”

तिने फोन टेबलावरून उचलून हातात घेतला, तसे अप्पा पुन्हा अर्धवट उठले.

“नोंदवा,” ती म्हणाली. “उद्या दहाला येते मी. तिघांपैकी जो सगळ्यात धडधाकट आहे तो ठेवा. बरोबर घरचं कुणी येणार नाही.”

फोन बंद झाल्याबरोबर अप्पांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि घाम पुसता पुसता त्यांचं डोकं पुन्हा चालू झालं. “शाबास, सूनबाई. घराची अब्रू राखलीस. आता असं करू, उद्याची घाई नको. आणखी एकदा इंजेक्शनं घेऊन बघायची. या खेपेला फॉर्म मी स्वतः...”

“अप्पा,” थोरली म्हणाली, “जरा तरी लाज बाळगा.”

आपली सून आपल्याला असं बोलली हे अप्पांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. तोपर्यंत तिने मान खाली घालून पुढचं पिल्लू उचललं होतं.

धाकटा बायकोच्या मागे दारापर्यंत गेला. “मी सांगणारच होतो तुला. खरंच सांगतो. रागावलीस?”

“किती वेळा गिरवलीस?”

“काय?”

“माझी सही. एका झटक्यात तर जमली नसेल.”

“चार वेळा,” तो म्हणाला. आणि मग, त्याच्या त्या गरीब स्वभावाला जागून, “पण कुणाला कळलं नाही ना?” असंही म्हणाला.

तिने बूट घातले आणि बाहेर पडली. तिच्या मागोमाग आत्या अॅप्रन सोडत आली. सहा हजार पिल्लं अजून निवडायची होती आणि अप्पा आतून ताई, ताई करून हाका मारत होते. दहातली तीन चुकवत बसा म्हणावं, असं आत्या पुटपुटली आणि गाडीत पुढच्या सीटवर बसली.

“मी येते उद्या तुझ्याबरोबर,” ती म्हणाली. “घरचं कुणी नको म्हणालीस, पण मी कुठली घरची? मला स्टूल दिलंय नुसतं.”

धाकटीने गाडी सुरू केली. हॅचरीच्या फाटकातून बाहेर पडून, गोदामांच्या रांगेवरून ती मुख्य रस्त्याला लागली. आत्याला राहून राहून हसू येत होतं.

“काय चेहरा झाला होता गं त्याचा! परत वाचा म्हणे. आयुष्यभर सगळ्यांना निवडून निवडून बाजूला काढत आला, आणि आज त्याच्याच पोराने त्याच्याच तक्त्यावर...” तिने डोळे पुसले. “मला विचारशील तर आजच्या इतका आनंद मला या घरात कधी झाला नाही.”

सिग्नलला गाडी थांबली. आत्याने वळून पाहिलं तर धाकटी रडत होती. आवाज न करता, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, समोर बघत.

“अगं, रडायला काय झालं?” आत्या म्हणाली. “चांगलं झालं की! थोबाडावर आपटले सगळे. तुझ्या मनासारखंच तर झालं.”

“आत्या, मला मुलगा नको होता असं मी कधी म्हटलं होतं?”

आत्याने मांडीवरच्या अॅप्रनचा बोळा केला.

“ते दोघंही माझेच होते,” धाकटी म्हणाली. “आणि त्यांना काढून टाकायच्या कागदावर आता सही माझी आहे.”